गोठलेला नमुना गणनेतून वगळणेबाबत

प्रति,
मा. उपसंचालक (मापन व नोंदणी),
ऊतक विद्युत् मापन केंद्र,
नागपूर.

अर्जदार : देवराव फकिरा कापगते, वय ६८ वर्षे, सेवानिवृत्त सॅम्पलमन (पोलाद कारखाना), रा. मरोदा, भिलाई, जि. दुर्ग, छत्तीसगढ.

विषय : कु. उन्नती कमलेश कापगते, वय ८ वर्षे, हिचा दि. १२ जून २०२५ रोजीचा नमुना गणनेत न धरता दि. २७ नोव्हेंबर २०२५ रोजी तिचा आणखी एक नमुना स्वीकारणेबाबत.

संदर्भ : १) पालक कमलेश कापगते यांची हिंदीतील तक्रार, दि. २० जून २०२५.
२) आपले उत्तर, दि. २१ जुलै २०२५.
३) अर्जदाराने स्वतःविरुद्ध केलेली तक्रार, दि. १ ऑगस्ट २०२५.
४) आपला आदेश, दि. २४ ऑक्टोबर २०२५.

महोदय,

१. आपल्या केंद्रात अर्जदाराची फाईल आधीच आहे आणि ती बरीच जाड झाली आहे, याची अर्जदारास जाणीव आहे. त्या फाईलमध्ये अर्जदार एका कागदावर तक्रारदार आहे आणि दुसऱ्या कागदावर आरोपी. हे कसे झाले ते सलग कुठेच लिहिलेले नाही, म्हणून या अर्जात ते पहिल्यापासून सांगत आहे. भाषेत उणेअधिक झाल्यास सांभाळून घ्यावे. अर्जदाराचे दहावीपर्यंतचे शिक्षण साकोलीकडच्या गावी मराठीत झाले. त्यानंतरची पन्नास वर्षे भिलाईत हिंदीत गेली. स्वतःच्या मनाने मराठीत लिहिलेला त्याचा शेवटचा अर्ज शाळेतला, तापामुळे गैरहजर राहिल्याबद्दलचा होता, आणि तेव्हा ताप आलेला नव्हता. या अर्जात मात्र एकही गोष्ट खोटी नाही.

२. उन्नती ही अर्जदाराची नात. एकुलता मुलगा कमलेश याची ती एकुलती मुलगी. तिला खोकला जन्मापासून आहे आणि खाल्लेले अंगी लागत नाही. पण सर्वांत आधी लक्षात आले ते मीठ. उन्हाळ्यात तिच्या फ्रॉकवर, काखेपासून कमरेपर्यंत, पांढरे डाग उठत. अर्जदाराची सून नीतू हिने तिच्या कपाळाचा मुका घेतला की ओठ खारट होत. ती तेव्हाच म्हणाली होती की पोरीला डॉक्टरला दाखवू या. तिचे कोणी ऐकले नाही, आणि न ऐकणाऱ्यांत अर्जदार पहिला होता.

३. याचे कारण असे की, अर्जदाराने एकतीस वर्षे भट्टीसमोर काम केले. तेथे ज्याच्या शर्टावर मिठाचे पांढरे नकाशे उमटत तो कामाचा गडी, आणि ज्याचा शर्ट कोरडा तो कामचुकार, असा सरळ हिशेब होता. पाळी सुटली की आम्ही एकमेकांच्या पाठी बघून हसत असू. नातीच्या फ्रॉकवर तोच नकाशा बघून अर्जदाराची पत्नी मैनाबाई हिने कामगार क्वार्टरांच्या साऱ्या लाईनीत सांगितले की पोरगी आबावर गेली. अर्जदाराला ते फार आवडले. त्याने आपला एक जुना, डाग पडलेला गणवेश काढून तिच्या फ्रॉकशेजारी दोरीवर वाळत घातला आणि दोघांचा फोटो काढून घेतला. या कौतुकात तीन उन्हाळे गेले. दुसऱ्या कोणत्याही घरात ही चूक झाली असती असे अर्जदारास वाटत नाही. ती फक्त आमच्यासारख्या घरातच होऊ शकते.

४. पुढे तिच्या घामाची तपासणी झाली. सिस्टिक फायब्रोसिस नावाच्या आजारात घामात मीठ जास्त येते. साठच्या वर आकडा आला तर आजार नक्की, तीसच्या खाली आला तर आजार नाही. उन्नतीचा एकदा सत्तेचाळीस आला आणि एकदा बावन्न. रक्तातील जनुकांच्या तपासणीत एक दोष सापडला. दुसरा जो सापडला त्याचा अर्थ अजून जगात कोणाला लागलेला नाही, असे लिहून आले. या आजारावरचे औषध एक समिती देते, आणि समिती म्हणते की आजार सिद्ध करा. तो सिद्ध करण्याचा आता एकच मार्ग शिल्लक आहे, आणि तो आपल्या केंद्रातल्या यंत्रातून जातो. आकडा आला तर औषध मिळेल. आकडा आला नाही तर समितीच्या लेखी उन्नती आजारी नाही, मग ती कितीही खोकू दे.

५. सदर मापन कसे होते ते आपणांस सांगणे हा आगाऊपणा होईल. तरीही अर्जदाराला ते समजलेले आहे, हे नोंदीवर यावे म्हणून लिहितो. मुलीच्या गुदाशयाच्या अस्तराचे तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे घेतात. असा तुकडा दोन छोट्या कप्प्यांच्या मधल्या भोकावर पडद्यासारखा ताणून बसवतात. दोन्ही बाजूंना कोमट खारे पाणी असते आणि त्यातून प्राणवायूचे बुडबुडे सोडतात. तुकडा जिवंत असेल तर तो विजेला अडवतो, आणि स्वतःही मीठ इकडून तिकडे नेऊन थोडी वीज निर्माण करतो. मग एक औषध टाकतात. निरोगी तुकड्याची रेघ उसळते, या आजारात ती जागची हलत नाही. आपले तंत्र सहाय्यक श्री. धम्मपाल रामटेके यांनी हे अर्जदाराला काचेपलीकडून दाखवले. एवढासा मांसाचा कण शरीरापासून दोनशे साठ किलोमीटर दूर येऊनही आपले काम करत राहू शकतो, हे कळल्यावर अर्जदाराला हात जोडावेसे वाटले होते.

६. फक्त तो जिवंत पोचला पाहिजे. उन्नतीला प्रवास झेपत नाही, म्हणून तुकडे भिलाईत घेऊन थंड द्रावणात, रेल्वेने, आठ तासांच्या आत नागपूरला आणायचे असे ठरले. आणणार कोण, यावर घरात चर्चादेखील झाली नाही. अर्जदाराची साऱ्या आयुष्याची नोकरी हीच होती. वितळलेल्या पोलादाचा एक घाणा, ज्याला आम्ही हीट म्हणतो, तयार झाला की त्यातला चमचाभर नमुना घ्यायचा, पाण्यात विझवायचा आणि धावत प्रयोगशाळेत न्यायचा. तिथून आकडा आला की मगच दीडशे टन पोलाद ओतायचे. एकतीस वर्षांत अर्जदाराच्या हातून एकही नमुना वाया गेला नाही. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात हे सांगितले होते आणि कमलेशने ते ऐकले होते.

७. पहिला नमुना दि. ८ मे रोजी निघाला. डोंगरगढच्या पुढे गाडी साडेचार तास उभी राहिली. मे महिना होता. डब्यातला बर्फ वितळला, पाणी कोमट झाले. नागपूरला पोचेपर्यंत तुकडे इतके थकले होते की रेघ धड उठेना की धड पडेना. अहवालात 'मापन अनिर्णित' असे आले. श्री. रामटेके यांनी समजावून सांगितले की बर्फ टिकला असता तर काम झाले असते. अर्जदाराने तेवढेच एक वाक्य घरी नेले.

८. आता अर्जदाराला जे लिहायचे आहे त्यासाठीच हा अर्ज आहे. दुसऱ्या नमुन्याच्या आदल्या दिवशी अर्जदार कॅम्प-१ च्या बाजारात हिरालाल कुल्फीवाल्याकडे गेला. जूनच्या उन्हात या माणसाची कुल्फी संध्याकाळपर्यंत दगडासारखी राहते, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याला युक्ती विचारली. तो म्हणाला, बर्फात खडे मीठ टाका. त्याचा काही दोष नाही. त्याला वाटले अर्जदाराच्या घरी काही कार्यक्रम आहे. अर्जदाराने दोन किलो खडे मीठ घेतले आणि बर्फाच्या थरावर मिठाचा थर, असे करून डबा भरला. मधोमध ती बाटली होती. बाटलीसोबतच्या चिठ्ठीवर 'गोठू देऊ नये' असे छापलेले होते, आणि अर्जदाराने ते वाचलेही होते. पण बर्फ तो बर्फ, मिठाने तो फक्त टिकतो, अशी त्याची समजूत होती. मीठ टाकलेला बर्फ साध्या बर्फापेक्षा कितीतरी अधिक थंड होतो, हे त्याला माहीत नव्हते. सोळाशे अंशांवर काय होते ते अर्जदाराला झोपेतही सांगता आले असते. शून्याच्या खाली काय होते, हे त्याला कधी कोणी विचारलेच नव्हते.

९. दि. १२ जून रोजी गाडी वेळेवर आली. आठ तासांची मुदत होती, अर्जदार साडेपाच तासांत आपल्या दारात हजर होता. डबा त्याने मांडीवरून क्षणभरही खाली ठेवला नव्हता, आणि झाकणातून गार वाफ येत होती. एवढा अभिमान त्याला निवृत्तीच्या दिवशीही वाटला नव्हता. श्री. रामटेके यांनी डबा उघडला, बाटली उजेडात धरली आणि हलवून पाहिली. आतले काही हलले नाही. ते म्हणाले, "आबा, हे गोठलं." अर्जदाराने त्यांना विनवले की वितळवा, बसवा, एकदा लावून तर पाहा. उपयोग नाही हे ठाऊक असूनही त्या भल्या माणसाने केवळ अर्जदाराच्या समाधानासाठी तुकडा यंत्रात बसवला. गोठताना आतल्या पेशी फुटलेल्या होत्या. तुकडा विजेला अडवीना, फाटक्या पोत्यातून धान्य जावे तशी वीज आरपार गेली. रेघ शून्यावर होती. अर्जदार ती पाऊण तास बघत उभा राहिला, कारण दुसरे काय करावे हे त्याला सुचले नाही.

१०. घरी आल्यावर पहिला प्रश्न नीतूने विचारला. ती छत्तीसगढची, घरात हिंदीच बोलते. तिने दारातच विचारले, "बाबूजी, बर्फ तो नहीं पिघला ना?" अर्जदार म्हणाला, नाही, अजिबात नाही. हे खरे होते. मग उन्नतीने खाटेवरून विचारले, "आबा, मेरा टुकड़ा जिंदा पहुँचा क्या?" आणि अर्जदार हो म्हणाला. मग रिपोर्ट कुठे आहे असे कमलेशने विचारले, तेव्हा आधीच्या उत्तराला साजेसे काहीतरी सांगणे भाग होते. अर्जदाराने सांगितले की यंत्र बंद होते. कमलेश म्हणाला, "मशीन बंद होती तं यायनं आधीच कावून नाही सांगतलं? पोरीचं फुकट रक्त काढून राहिले." त्याच्या आवाजात रडू होते. तो कंत्राटावर क्रेन चालवतो, सहसा रडत नाही. आपला लिखित अहवाल, ज्यात 'नमुना वाहतुकीत गोठल्याने मापन अशक्य' असे स्पष्ट आहे, तो अर्जदाराने सायकलच्या सीटखाली लपवला. तो आजही तेथेच आहे.

११. संदर्भ क्र. १ ची तक्रार अशी जन्माला आली. कमलेशने तीन पानी हिंदीत लिहिले की केंद्राचे यंत्र नादुरुस्त होते, वृद्ध वडिलांना दिवसभर ताटकळत ठेवले, आणि बेजबाबदार कर्मचारी रामटेके यांच्यावर कारवाई व्हावी. अर्जदाराने त्याला थांबवले नाही. उलट 'नादुरुस्त' चे शुद्धलेखन सांगितले. आपण त्यावर श्री. रामटेके यांना खुलासा मागितला. त्यांनी यंत्राची नोंदवही जोडून यंत्र चालू होते एवढेच कळवले. डबा कसा भरला होता, याबद्दल एक अक्षर लिहिले नाही. त्यांना सर्व ठाऊक होते. मीठ त्यांनीच डब्यातून बोटावर घेऊन पाहिले होते. या माणसाने अर्जदाराला मुलासमोर उघडे पडू दिले नाही, आणि त्याच्याच नावावर आज आपल्या कार्यालयात शेरा आहे. त्याची अर्जदाराला लाज वाटते.

१२. संदर्भ क्र. २ च्या उत्तरात आपण दोन गोष्टी कळवल्या. नियम ११ प्रमाणे एका रुग्णाचे दोनच नमुने घेतले जातात, आणि वाया गेलेला नमुनाही नमुनाच धरला जातो. नियम १४ (ब) प्रमाणे, वाहतूकदाराच्या दोषाने नमुना खराब झाल्याचे सिद्ध झाल्यास तो गणनेतून वगळता येतो; त्यासाठी वाहतूकदाराविरुद्ध तक्रार हवी. पत्र अर्जदाराच्याच हाती पडले. वाहतूकदार अर्जदार होता. म्हणून त्याने दि. १ ऑगस्ट रोजी छापील नमुन्यात वाहतूकदार देवराव कापगते याच्याविरुद्ध तक्रार केली, आणि आठ दिवसांनी त्याच देवराव कापगते याला कारणे दाखवा नोटीस आली. आपल्या टपाल विभागाची तत्परता वाखाणण्यासारखी आहे, हे येथे नमूद करणे अर्जदार आपले कर्तव्य समजतो.

१३. सुनावणी दि. १८ सप्टेंबर रोजी झाली. दोन्ही पक्ष एका वेळी समोरासमोर येऊ नयेत असा आपला दंडक असल्याने तक्रारदाराला अकरा वाजता व वाहतूकदाराला तीन वाजता बोलावले होते. अकरा ते तीन अर्जदार बाकावर बसून स्वतःची वाट पाहत होता. लिपिक श्रीमती रत्नमाला यांनी त्याला प्रवेशाच्या दोन चिठ्ठ्या दिल्या आणि जेवलात का असे विचारले. त्या कार्यालयात या प्रकरणी विचारला गेलेला हा एकच प्रश्न होता ज्याचे उत्तर अर्जदाराला सहज देता आले. दुपारी जबाब घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी विचारले की तक्रारदाराशी आपले नाते काय. अर्जदार म्हणाला, तो मीच. जबाबात 'निकटचे नातेवाईक' असे लिहिले गेले.

१४. संदर्भ क्र. ४ च्या आदेशात आपण म्हणता की तक्रारदार आणि वाहतूकदार यांचा पत्ता एक आहे, स्वाक्षऱ्या एकसारख्या आहेत आणि दोघांचे म्हणणे शब्दशः जुळते. सबब दोघांचे संगनमत असल्याचा संशय घेण्यास जागा आहे. त्यात भर म्हणजे त्याच घरातून आलेली पालकाची तक्रार यंत्राला दोष देते. म्हणून पालकाने प्रपत्र 'ग' भरून, वाहतूकदार दोषी असल्याचे स्वतःच्या सहीने मान्य केल्याखेरीज प्रकरण पुढे सरकणार नाही. चौकशी संपेपर्यंत वाहतूकदारास केंद्राच्या आवारात मज्जाव केला आहे. अर्जदाराला आदेशात एकही वाक्य चुकीचे सापडले नाही. त्याने तो चार वेळा वाचला.

१५. आता उन्नतीबद्दल. तिचे वजन जूनमध्ये सतरा किलो होते, आज चौदा आहे. शाळेत नाव आहे, पण जाणे बंद झाले. रात्री ती बसून झोपते, आणि नीतू तिच्या पाठीला पाठ लावून बसते. रक्त गोठण्याची ताकद कमी होत चालल्याने तुकडे घेणे आता धोक्याचे आहे. डॉक्टरांचे लेखी मत सोबत जोडले आहे. ते म्हणतात की या महिनाअखेरपर्यंत, फार तर एकदा, ते तुकडे घेतील. त्यानंतर हात लावणार नाहीत. आपले मापन दुसऱ्या व चौथ्या गुरुवारी होते. या आठवड्यातला १३ तारखेचा गुरुवार हाती लागणे शक्य नाही. राहिला २७ नोव्हेंबर. आणि आपल्या सूचनाफलकावर लिहिले आहे की कोणत्याही अर्जावर निर्णयास तीस कामकाजाचे दिवस लागतील. अर्जदाराने ते दिवस कॅलेंडरवर मोजले. नंतर मैनाबाईला मोजायला लावले, न जाणो आपली नजर चुकली असेल. तिचेही तेवढेच आले.

१६. तरीही अर्जदाराने तयारी सोडलेली नाही. ऑगस्टपासून तो एका बाटलीत मीठ-साखरेचे पाणी घेतो, ती कापडात गुंडाळून साध्या बर्फाच्या डब्यात ठेवतो, आणि सायकलने मरोद्याहून जुनवानीला जाऊन उन्हात आठ तास काढून परत येतो. दर तासाला तापमान लिहितो. अकरा वेळा केले. अकराही वेळा पारा तीन ते सहाच्या मध्ये राहिला. घरच्यांना वाटते म्हाताऱ्याचे पोट साफ होत नाही म्हणून डॉक्टरांनी सायकल सांगितली आहे. तापमानाचे तक्ते सोबत जोडले आहेत. पुढचा नमुना अर्जदार आणणार नाही, ती बंदी त्याला मान्य आहे, कमलेश आणील. त्याला डबा कसा भरायचा ते अर्जदार शिकवील. न शिकवण्याइतकी लाज आता उरलेली नाही.

१७. अर्जदाराच्या मागण्या थोडक्यात अशा. दि. १२ जूनचा नमुना अर्जदाराच्या दोषाने गोठला असे धरून तो गणनेतून वगळावा. दि. २७ नोव्हेंबर रोजी एक नमुना घ्यावा. श्री. रामटेके यांच्या नावावरील शेरा काढावा, आणि हे तिन्ही मिळून होणार नसेल तर किमान हे शेवटचे आज करावे, कारण त्याला कोणाच्याही फुफ्फुसांची वाट पाहावी लागत नाही. वाहतूकदारास जी शिक्षा द्यायची ती द्यावी. तीस दिवसांच्या नियमाबद्दल अर्जदार काही म्हणत नाही. फक्त एवढेच, की उन्नतीचे शरीर तो फलक वाचत नाही.

१८. आवारात मज्जाव असल्याने आणि टपालाला वेळ नसल्याने हा अर्ज कमलेश उद्या पहाटेच्या गाडीने स्वतः आणून देत आहे. त्याला एवढेच सांगितले आहे की तारीख मागण्यासाठी अर्ज आहे. प्रपत्र 'ग' आत आहे, कोरे. पाकीट चिकटवलेले नाही. दुर्ग सुटले की नागपूरपर्यंत चार तास त्याला दुसरे काम नाही, आणि तो पाकीट उघडून पाहणारच, हे अर्जदार जाणून आहे. तोंडाने सांगायला पाच महिने मिळाले होते, तेवढ्यात जमले नाही. म्हणून पुढील परिच्छेद आपल्या कार्यालयासाठी नसून पालकासाठी आहे. आपण तो वाचला नाही तरी चालेल.

१९. कमलेश, मशीन बंद नव्हती. मशीन चालू होती अन् रामटेके मास्तरनं माह्यासमोर लावून पाह्यली. तुह्या पोरीचा तुकडा माह्या हातानं मेला. मीठ मी टाकलं. तुले सांगतो सांगतो म्हणत राहिलो अन् तुले पाहिलं का जीभ उचलत नव्हती. आता त्या कागदावर दोन चौकोन हायेत, 'वाहतूकदार दोषी आहे' अन् 'दोषी नाही'. तू पहिल्यावर खूण करजो अन् खाली सही करजो. राग आला तरी करजो. माही दया आली तरी तेच करजो. मले तुह्या रागाचं भेव नाही, बेटा, दयेचं भेव हाये. तू बापाले वाचवाले 'दोषी नाही' लिहिशीन तं उन्नतीचा गुरुवार जाईन. अन् 'दोषी' लिहून पण नाही वाचली, तं मंग माह्याशी बोलजो नको बोलजो, तुह्या मनावर हाये. घरी ये मात्र.

२०. वरील मजकूर वाचून अगर न वाचून, २७ तारखेपूर्वी निर्णय व्हावा, ही विनंती. होईल असे अर्जदाराला वाटत नाही. पण पोलादाचा घाणा तयार असताना प्रयोगशाळेतून आकडा येणार नाही असे गृहीत धरून कोणी सॅम्पलमन कधी जागेवरून उठून गेला नाही. अर्जदाराचीही तीच सवय आहे, आणि या वयात ती मोडत नाही.

स्थळ : मरोदा, भिलाई
दिनांक : १० नोव्हेंबर २०२५

आपला नम्र, तक्रारदार तसेच वाहतूकदार,
(सही)
देवराव फकिरा कापगते
(दोन्ही ठिकाणी सही एकच आहे.)

सोबत :
१) डॉक्टरांचे मत, एक पान.
२) तापमानाचे तक्ते, अकरा.
३) दि. १२ जून २०२५ च्या अहवालाची छायाप्रत. मूळ प्रत सायकलच्या सीटखाली असून ती पालकास केव्हाही पाहता येईल.
४) प्रपत्र 'ग', पालकाने भरावयाचे, कोरे. पेन सोबत ठेवला आहे.